साक्षीदार क्रमांक एक

बागूल वकिलांची कविता ऐकली की सही करावी लागते. कागदाच्या तळाशी लिहिलेलंच असतं: 'वरील कविता माझ्यासमक्ष वाचली, मला समजली.' खाली साक्षीदार क्रमांक एक आणि दोन.

नाशिकच्या कोर्टाबाहेर माझं टायपिंगचं टेबल त्यांच्या टेबलाला खेटून, त्यामुळे साक्षीदार दोन कायम मी. अहिराणी मला निम्मीच कळते, तरी सही ठोकून मोकळा होतो. खोटी साक्ष म्हणतात ती हीच.

माणूस सटाण्याकडचा, घरची बोली अहिराणी. कोर्टात मराठी इतकी कडक की स्वतःचा पक्षकारसुद्धा दचकतो, कविता मात्र फक्त अहिराणीत. सुरुवातीला आम्ही चिडवायचो, "साहेब, अहिराणीत लग्नाची गाणी असतात, असल्या कविता कुठे असतात?" ते चष्मा पुसत म्हणायचे, "आते शे. आता आहे, रेकॉर्डवर घ्या." त्यांचं बघून पुढे कळवणच्या दोन वकिलांनीही लिहायला घेतलं.

एकदा घाईत मी त्यांची कविता दाव्याच्या फायलीत टाचली. न्यायाधीशांनी विचारलं, "वकीलसाहेब, हे काय?" हे शांतपणे म्हणाले, "अर्जंट आहे, साहेब. पण या दाव्यातलं नाही."

साक्षीदार एकची जागा मात्र प्रत्येक कवितेवर कोरी. विचारलं की उत्तर ठरलेलं, "समन्स लागायचंय."

एका दुपारी डबा खाताना ते आपणहून बोलले. शाळेत असताना ते इथे वसतिगृहात राहायचे. आई भेटायला आली, अहिराणीत चार शब्द बोलली, पोरं हसली. हे तिला म्हणाले, "माय, तू आठे बोलू नको." आठे म्हणजे इथे. तेव्हापासून म्हातारी नाशिकला आली की शहरातल्या माणसांसमोर तोंड उघडत नाही.

गेल्या महिन्यात बार रूममध्ये त्यांचं कवितावाचन झालं. आई पहिल्या रांगेत, पदर सावरून गप्प. बागूल वकिलांनी त्या वसतिगृहाचीच कविता वाचली. कविता संपली. टाळी वाजवावी की नाही, कोणाला कळेना.

म्हातारीने मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं, मग मुलाला विचारलं, "मी आठे बोलू का?"

भर कोर्टात गरजणाऱ्या माणसाने नुसती होकाराची मान हलवली.

"मंग आखो एक वाच."

त्यांनी आणखी तीन वाचल्या. मी शाईचं पॅड धरलं आणि चारही कागदांवर क्रमांक एकला तिचा अंगठा उमटला. खाली मी सही केली. या खेपेला ती खरी होती.