नकार स्वीकारण्याची खिडकी

माणसाला नाही म्हणता आले पाहिजे, यावर सगळ्या सुधारलेल्या समाजांचे एकमत आहे. अडचण एवढीच, की ते कुठल्या खिडकीवर म्हणायचे, हे बहुतेक समाजांनी ठरवलेले नसते. लोक मग वाटेल तिथे नाही म्हणतात आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. आमच्या वीज कंपनीने ही उणीव दूर केली. स्मार्ट मीटर नको असणाऱ्या ग्राहकांसाठी कंपनीने स्वतंत्र ऐच्छिक नकार कक्ष उघडला असून गेली दोन वर्षे मी त्याचा प्रमुख आहे. (कक्षात मी एकटाच आहे. पण प्रमुख कुणीतरी लागतोच.)

कक्ष म्हणजे तळमजल्यावरची खिडकी क्रमांक नऊ. वर पाटी आहे: 'आपला नकार आमच्यासाठी मोलाचा आहे'. शेजारच्या आठ नंबरवर नवीन जोडणीचे अर्ज घेतात, तिथे पंखा आहे. माझ्याकडे नाही. नाही म्हणायला आलेल्या माणसाने फार रेंगाळू नये, असा त्यामागे विचार आहे.

जुना मीटर महिन्यातून एकदा एक आकडा सांगायचा आणि गप्प बसायचा. स्मार्ट मीटर दर पंधरा मिनिटांनी घरात काय चालले आहे ते कंपनीला कळवतो. इस्त्री आहे की मिक्सर, हे त्याला रेषेच्या चढउतारावरून ओळखू येते. घरात इतके लक्ष याआधी फक्त सासू घालत असे, आणि तिलाही दुपारी डुलकी लागायची.

तरीही काही ग्राहकांना तो नको असतो. अशांसाठी कार्यपद्धती अगदी सोपी ठेवली आहे. आधी मीटर बसवून घ्यायचा. ताटात वाढण्याआधीच नको म्हणणे हे काही चांगल्या घरचे लक्षण नव्हे. मग तीस दिवसांचा अनुभवकाळ. त्यानंतर अर्ज, आणि अर्जात कारण. अर्जावर छापलेली मान्य कारणे तीन आहेत. घराला भिंत नसणे, हे पहिले. मीटर बसल्यापासून डोके दुखणे, हे दुसरे (ते इतर कुठल्याही कारणाने दुखत नसल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडावा). आणि घरात विजेचा वापर अजिबात नसणे, हे तिसरे. त्यासाठी स्मार्ट मीटरचा बारा महिन्यांचा अहवाल लागतो. पूर्वी 'इतर' असे चौथे कारण होते. पण जो तो तेच निवडू लागल्याने ते काढून टाकावे लागले.

पहिल्या दीड वर्षात एकेचाळीस हजार तीनशे मीटर बसले. तीनशे एकोणीस जणांनी अर्ज नेला, चौसष्ट जणांनी भरून आणला, आणि त्यातल्या त्रेसष्ट जणांनी तो स्वखुशीने मागे घेतला. जे खिडकीवर आलेच नाहीत, ते पूर्ण समाधानी आहेत. (त्यांना तसे विचारलेले नाही. समाधानी माणसाला उगाच कशाला डिवचा?)

चौसष्टावा अर्ज मावशींचा. आमच्या कक्षाचे ते सर्वांत मोठे यश असल्यामुळे सविस्तर सांगतो.

या भागात त्यांना सगळे शिवणवाल्या मावशी म्हणतात. वय अडुसष्ट. औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहतात. पँटची उंची कमी करणे, चेन बदलणे, पडदे, उशांचे अभ्रे अशी कामे मोटार बसवलेल्या शिलाई मशीनवर करून देतात. माझीही एक पँट तेव्हा चेनसाठी त्यांच्याकडे होती. गेल्या वर्षी त्यांच्या हृदयाचे ऑपरेशन झाले. तेव्हा दुसऱ्या शहरात नोकरी करणाऱ्या मुलाने, यापुढे मशीनला हात लावणार नाही, अशी त्यांना शपथ घातली. मावशींनी मशीनवर कव्हर घातले, त्याचा फोटो काढून मुलाला पाठवला, आणि कव्हर काढून ठेवले.

"साहेब, मला तो मीटर नको," त्या म्हणाल्या.

"कारण?"

"नको म्हणजे नको. घर माझं आहे ना?"

घर तुमचे असले तरी मीटरमागची भिंत चार इंच खोलीपर्यंत कंपनीकडे असते, हे मी समजावून सांगितले. त्यांनी मागे वळून पाहिले आणि खिडकीत वाकून आवाज खाली आणला.

"अहो, ते तुमचं कुटुंबदर्शन की काय, ते मुलगा फोनवर घेणार आहे पुढच्या महिन्यात. म्हणे, आईच्या घरी काय चालू, काय बंद, सगळं दिसतं. त्याला वाटतं मी दुपारची झोपते. मी अकरा ते चार मशीनवर असते. त्याला कळलं तर तो मशीनच उचलून नेईल. मग मी काय करू दिवसभर? भिंतीकडे बघत बसू?"

मला मावशींची खरोखर कणव आली. काही झाले तरी यांचे काम नियमात बसवून द्यायचेच, असे मी ठरवले. नियमावली चाळली तेव्हा कलम सतरा सापडले: कौटुंबिक कारणास्तव नकार. आजवर कुणी वापरलेले नव्हते. मी स्वतःच्या वळणदार अक्षरात कारण लिहिले, 'ग्राहक आपले शिवणकाम मुलापासून लपवू इच्छितात.' मावशींनी चष्मा आणला नव्हता, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली. जाताना म्हणाल्या, "देवासारखे भेटलात."

कलम सतराचा दुसरा परिच्छेद असा आहे, की कारण ज्या व्यक्तीशी संबंधित असेल, त्या व्यक्तीचे ना-हरकत पत्र घ्यावे. कुणाच्या पाठीमागे त्याच्याविषयी निर्णय घेणे कंपनीच्या तत्त्वात बसत नाही. त्यामुळे अर्जाची प्रत मुलाला रजिस्टर पोस्टाने गेली. सोबत पुरावा म्हणून तीस दिवसांचा आलेख जोडला. रोज अकरा ते चार त्यावर बारीक, एकसारखे दात होते, कागदावर शिलाई मारल्यासारखे. मुलाला शोधत बसावे लागू नये म्हणून मी त्याखाली लाल रेघ मारली.

चौथ्या दिवशी मुलगा हजर. रात्रभर बसमध्ये बसून आलेला, दाढी वाढलेली. रागावलेला नव्हता, घाबरलेला होता.

"बरं झालं कळवलंत," तो म्हणाला. "मी रोज फोन करतो तर म्हणायची, आत्ताच उठले झोपून." त्याचे डोळे भरून आले होते. मी त्याला पोच दिली.

मग तो आईच्या घरी गेला, मशीन चादरीत गुंडाळले, चार टोकांच्या गाठी मारल्या आणि खाली आणले. औषधवाल्याने एक बाजू धरली. मावशी जिन्यात उभ्या होत्या. "चाक वरच्या अंगाला धर रे, तेल सांडेल," एवढेच म्हणाल्या. हे मला औषधवाल्याने सांगितले.

मुलाने ना-हरकत पत्रही दिले. परंतु लपवण्याजोगे शिवणकामच आता उरलेले नसल्याने नकाराचे कारण संपुष्टात आले, आणि अर्ज विहित मुदतीच्या अकरा दिवस आधी निकाली निघाला. मावशींचा आलेख सपाट झाला. ही घट कंपनीच्या संगणकाच्या नजरेत भरली आणि त्याने त्यांना आपणहून 'आदर्श बचत ग्राहक' असे प्रशस्तिपत्र पाठवले.

ते घेऊन मावशी खिडकीवर आल्या. सोबत माझी पँट होती. चेन अर्धी बसवलेली.

"उरलेली दुसरीकडे लावून घ्या," त्या म्हणाल्या.

मी त्यांना सुचवले, की पुन्हा अर्ज करण्याचा तुमचा अधिकार अबाधित आहे.

"राहू दे आता मीटर. बघू दे त्याला काय बघायचं ते. दिवसभर पंखा असतो, आणि मी असते."

मला वाईट वाटले. (कार्यालयीन वेळेत तशी तरतूद नाही, म्हणून ते मी जेवणाच्या सुट्टीत वाटून घेतले.)

काही लोक याचा दोष कंपनीला देतात. तो आकडेवारीला धरून नाही. कुटुंबदर्शन ही सुविधा कंपनीला सुचलेलीच नव्हती. ती अडतीस हजार ग्राहकांनी मागितली. सगळे मुलगे, मुली, सुना, जावई. सगळे लांब राहणारे, सगळे मनापासून काळजी करणारे. आई-वडिलांपैकी एकानेही ती मागितलेली नाही. मुलांचे प्रेम पोहोचवायला तार लागते, आम्ही फक्त ती ओढली.

हे सगळे तुम्हाला का कळवतो आहे, असे तुम्हाला वाटत असेल. मावशींनंतर कलम सतराला चांगला प्रतिसाद आहे, आणि गेल्या मंगळवारी तुमच्या आईंनी अर्ज केला आहे. त्याची प्रत पुढच्या पानावर जोडली आहे. तुमच्यापासून काय लपवायचे आहे, ते त्यांनी कारणाच्या रकान्यात लिहिले आहे. पान उलटायचे की नाही, हे कंपनीने पूर्णपणे तुमच्यावर सोडले आहे.

आजवर एकही प्रत न वाचता परत आलेली नाही.