आत कोण हाय का

गणूनाना म्हात्रे बंद घरांशी बोलायचे. म्हणजे जाता-येता पुटपुटणं नव्हे. कुलूप लावलेल्या दारासमोर चपला काढून उभे राहायचे, कडी तीनदा वाजवायचे आणि शाळेत हजेरी द्यावी तसं खणखणीत सांगायचे, “मी गणपत धाकू म्हात्रे, मोजणीदार, रिटायर. सोबत नगरपालिकेचे ओरशेर हायत. आत कोण हाय का?” मग दाराला कान लावून डोळे मिटायचे. मी घड्याळ लावून पाहिलं आहे, चांगली पाच मिनिटं तसे उभे असायचे.

ओरशेर म्हणजे मी. ओव्हरसियर हा शब्द त्यांनी दाढेखाली घालून एवढा बारीक केला होता.

तेव्हा मी पेणला नवा होतो. तिथल्या तांबट आळीतून ट्रक जाईल एवढा रस्ता काढायचं घाटत होतं. त्याच सुमारास आलेले मुख्याधिकारी जुन्या वस्तूंचे शौकीन निघाले. ते म्हणाले, ही आळी राखता येईल असा आराखडा करून दाखवा, रस्ता मागच्या शेतातून नेऊ. प्रत्येक घर मोजायचं, खांब, ओटा, माडी कागदावर घ्यायची, दुरुस्ती काय ते लिहायचं. मला मोजणी येत होती, पण ती सरळ भिंतींची. या आळीत एकही भिंत सरळ नव्हती. कुणीतरी रोह्याच्या गणूनानांचं नाव सुचवलं.

ते रोज सकाळच्या एसटीने यायचे. छत्री, डबा आणि कापडी पिशवीत टेप. पडायला आलेल्या घराला ते पडकं म्हणत नसत. “दमलंय,” म्हणायचे. बोटाच्या पेराने खांब ठोकायचे, वास घ्यायचे आणि मला सांगायचे, “लिवा ओरशेर. डाव्या पायात वाळवी. बाकी तब्येत बरी हाय.” मी तसंच लिहायचो, मग ऑफिसात बसून त्याचं सरकारी मराठी करायचो.

पहिले काही दिवस मला मजा वाटली. पुढे वाटेनाशी झाली.

आळीतली निम्मी घरं बंद होती. उरलेल्यांतल्या बऱ्याच घरांच्या पुढच्या खोल्या गणपतीच्या कारखान्यांना दिलेल्या. तिथे पांढऱ्या मूर्ती दाटीवाटीने उभ्या असायच्या, अजून डोळ्यांची आखणी न झालेल्या. दुपारी कारागीर जेवायला गेले की आळीत माणूस नसायचं. दोन्ही बाजूंच्या माड्या पुढे झुकून जवळजवळ एकमेकींना टेकलेल्या, त्यामुळे खाली भर दुपारी मावळतीसारखा उजेड. त्या उजेडात शंभरेक कोऱ्या चेहऱ्यांसमोर एक म्हातारा बंद दाराला कान लावून उभा, आणि मी टेपचं दुसरं टोक धरून. दाराआडची शांतता हळूहळू मलाही ऐकू यायला लागली. ती प्रत्येक घराची वेगळी होती. हे मी कुणाला सांगितलं नाही.

नानांचं काम एका फेरीत भागत नसे. बंद घराचं दार ते तीन निरनिराळ्या दिवशी वाजवायचे. तिसऱ्या दिवसानंतरच कागदावर ‘रिकामं’ असं लिहू द्यायचे. त्यापायी आराखडा लांबत चालला. मुख्याधिकारी एकदा बैठकीत वैतागले. “सतरा नंबरच्या घराचं काय? महिनाभर अडलंय.”

“सतरा नंबर अजून काय बोललं नाय,” नाना म्हणाले.

“मालक?”

“मालक मुंबईला. घर रिकामं हाय, असं त्यांचं पत्र हाय. मी घराचं सांगतोय.”

सगळे हसले. नाना हसले नाहीत. त्यांनी टेप पिशवीत ठेवला आणि उद्या तिसरी फेरी करतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सतरा नंबरसमोर उभे राहिलो. नानांनी चपला काढल्या, कडी वाजवली, नावगाव सांगितलं. “आत कोण हाय का?”

आतून टक् टक् असा आवाज आला.

माझ्या हातातलं टेपचं टोक सुटलं आणि पातं सरसरत डबीत गेलं. नानांनी पुन्हा कडी वाजवली. पुन्हा आतून टक् टक्. या वेळी जरा वरून, माडीकडून.

मला वाटलं होतं, नाना आता विजयी मुद्रेने माझ्याकडे बघतील. ते बघेनात. त्यांचा चेहरा पार उतरला होता. “चावी,” एवढंच म्हणाले. चावी समोरच्या कमळाबाईंकडे असायची. त्या पदराला हात पुसत आल्या. “अवो नाना, अकरा वर्सं झाली, कोण नाय त्यात. खुळ्यागत काय करताव?”

“उघडा पयलं.”

दार उघडलं तेव्हा आतून गार वारा आला. मागचं दार आतून अडसर लावून बंद होतं, खिडक्या बंद होत्या, तरी आला. जमिनीवर बोटभर धूळ, तिच्यावर एकही पाऊल नाही. नाना अनवाणी आत शिरले. मी त्यांना कधी घाईत पाहिलं नव्हतं. ते कोठीत गेले, जिन्याखाली वाकले, स्वयंपाकघरात चुलीमागे हात फिरवून आले. “कोण हाय का? घाबरू नका. आम्ही पाडायला नाय आलो.” माडीवर गेले. तिथे एक रिकामा पाळणा होता, कड्यांना टांगलेला, स्थिर. पाळण्यातली गोधडी उचलून त्यांनी खाली बघितलं. मग माळ्यावर डोकं घातलं. मला भीती होती ती भुताची. नानाही घाबरले होते, पण त्यांना भूत भेटायची भीती नव्हती. जिवंत माणूस सापडेल, याची होती. हे मला तेव्हा उमगलं, कारण मात्र कळलं नाही.

आवाज कशाचा, ते मला आजही सांगता येत नाही. उन्हाने लाकूड वाजतं म्हणतात. नानांनी मला लिहायला लावलं, “आवाज आला. मनुष्य आढळला नाही.” ते वाक्य मी बदललं नाही. मंजूर झालेल्या आराखड्यात ते तसंच आहे.

हो, आराखडा मंजूर झाला. रस्ता मागच्या शेतातून गेला. आळीतले ओटे राहिले, खांब राहिले, सतरा नंबरही राहिलं.

फक्त शेवटच्या कागदांवर सही करायला नाना आले नाहीत. चार दिवस वाट बघून मी नकाशांची गुंडाळी घेऊन रोह्याची एसटी पकडली. नदीपलीकडे त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. नाना एकटेच राहतात, असं मी धरून चाललो होतो. पण आत खाटेवर एक अगदी म्हातारी बाई बसली होती, डोळ्यांत मोतीबिंदूचा पांढरा पडदा. नाना तिच्यासाठी ताटलीत भात कालवत होते.

“आई का?” मी हळूच विचारलं.

“नाय. भागूआजी.” त्यांनी मला ओटीवर आणलं आणि आवाज खाली घेतला. “हितं रोह्यात बोर आळी व्हती. रस्त्यात गेली. मोजणी माझी. तरणा व्हतो, एका दिवसात आळी उरकली. हिच्या घराला पुढून कुलूप. लेक मुंबईला जाताना लावून गेलेला. ही मागल्या दारानं राहायची. मी कुलूप बघितलं आन् लिवलं, रिकामं.” त्यांनी एकदा आत खाटेकडे बघितलं. “भिंत खाली आली तवा ही चुलीपुढं बसलेली. कानानं कमी ऐकायची तवापासूनच. कुणी दार वाजवलंच नव्हतं, ऐकणार काय. जगली. लेक काय परत आला नाय. मंग मी आणली. एक भिंत पडली, आळी हाय तशी हाय, असंच तिला सांगत आलोय.”

किती वर्षं झाली, मी विचारलं नाही. नानांनी लग्न का केलं नाही, तेही नाही.

आत गेलो. आजीला चार दिवस ताप होता, आता उतरला होता. नानांनी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि घास भरवता भरवता मोठ्याने सांगू लागले, “आज सोनाराच्या माडीला रंग दिला, आजी. पाटलिणीनं ओट्यावर कुरडया घातल्यात. तुझ्या दारातली बोर लागलीय, पोरं दगड मारतात.” घरामागून घर, ते सगळी आळी चालून येत होते. जिथून आता वाहनं जातात ती आळी. आजी मान डोलवत ऐकत होती, मधेच एखादं नाव चुकलं की दुरुस्त करत होती. मला ते ऐकवेना, आणि तरी तिथून उठवेना.

“आज कोण आलंय रं सोबत?” तिने विचारलं. तिला कसं कळलं कुणास ठाऊक.

“नगरपालिकेचे हायत. आपली आळी राखायचं काम करतात.”

तिने हवेत हात पुढे केला. मी तो धरला. कागदासारखा हलका होता. “मंग तुला ठावं असंल,” ती म्हणाली. “माझ्या ओट्याची एक लादी उखडली व्हती. बसवली का रं?”

मी नानांकडे पाहिलं. ते भाताचा घास वळत होते, मान खाली घालून.

मी तिच्या कानाशी वाकलो. “बसवली, आजी. कालच बसवली.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “गणू, याला पान वाढ.”