पडायची जागा

साहेब, घसरगुंडीच्या तोंडाशी सहा इंच जाडीचं काँक्रीट तुम्ही ओतलंत. दुसऱ्या कुणी नाही. कागदावर सही तुमची, पाणी मारणारा माणूस तुमचा आणि काँक्रीट वाळल्यावर त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतला तोही तुम्हीच. घसरगुंडीवरून लेकरू खाली येतं आणि खाली आलेलं लेकरू कधी ना कधी पडतं, हे शाळेचं तोंड न पाहिलेली बाईसुद्धा सांगेल. तुम्हाला मात्र ते इंजिनिअरिंगच्या चारही वर्षांत कुणी शिकवलं नाही. मग पुढं काय काय झालं ते ऐका.

झरीच्या अलीकडे, मोठ्या रस्त्याच्या डाव्या हाताला कवडवाडी आहे. तिथल्या अंगणवाडीच्या मागच्या अंगणात दोन झोके आणि एक घसरगुंडी आली. अंदाजपत्रकात एकच वाक्य होतं, ‘पृष्ठभाग टिकाऊ असावा.’ मऊ असावा असं कुणी लिहिलं नाही, कारण लिहिणाऱ्याला घसरगुंडीवरून उतरून पस्तीस-चाळीस वर्षं झाली होती. काँक्रीट टिकाऊच निघालं. पहिल्याच आठवड्यात साडेतीन वर्षांचा जीवन त्याच्यावर तोंडघशी पडला. जीवनचे पुढचे दोन दात गेले. काँक्रीटवर ओरखडासुद्धा नाही.

जीवनची आई पंकजा दोन्ही दात कागदाच्या पुडीत बांधून घेऊन आली आणि तिनं ती पुडी सेविका राजेश्रीच्या टेबलावर आपटली.

“ताई, हे तुमच्या सायबाला पाठवा पोष्टानं.”

“दुधाचे हायत गं, परत येतील.”

“दात येतील. डोकं फुटलं तर डोकं येतंय का परत? खाली कायतरी नरम टाका. तवर लेकरू पाठवणार न्हाई. मी एकटीच न्हाई, सगळ्याजणींचं ठरलंय.”

दुसऱ्या दिवशी पटावर बावीस आणि हजर सात. हजेरी पंधराच्या खाली राहिली की अंगणवाडी मोठ्या रस्त्याच्या पलीकडच्या अंगणवाडीला जोडायची, असा वरचा हुकूम होता. त्या रस्त्यावर उसाच्या गाड्या दोन-दोन ट्रॉल्या जोडून धावतात. मोठी माणसं तिथं एकमेकांचा हात धरून रस्ता ओलांडतात. तिथून तीन वर्षांची लेकरं रोज नेणार कोण?

तिनं ऑफिसला पत्र लिहिलं. अकरा दिवसांनी उत्तर आलं. ‘निधी उपलब्ध नाही. सदर बाब आपल्या स्तरावर निकाली काढावी. मऊ पृष्ठभाग करून त्याचे छायाचित्र पाठवावे. पुढील महिन्याच्या पहिल्या सोमवारी साहेब पाहणीस येतील.’ राजेश्रीचा स्तर म्हणजे एक टेबल, दोन पातेली आणि छबूबाई नावाची साठीची मदतनीस. एवढ्याच्या जोरावर तिनं जमीन मऊ करायची होती.

ग्रामपंचायतीचे सदस्य दिनकरराव पुढं झाले. “वाळू टाकू,” ते म्हणाले. “वाळूत पडलं तर हत्तीलाबी लागत न्हाई. जिम्मा माझा.” त्यांनी ट्रॅक्टरवाल्या गोपीचंदला सांगितलं आणि गोपीचंदच्या ट्रॅक्टरनं सकाळी एक ट्रॉली वाळू अंगणात ओतली. दुपारी बाराला तलाठी हजर. घरकुलाला वाळू मिळावी म्हणून माणसं सहा-सहा महिने ज्याला शोधत फिरतात, तो तलाठी अंगणवाडीच्या वाळूला दोन तासांत सापडला.

“ही वाळू कुणाची?”

“लेकरांची,” राजेश्री म्हणाली.

“लेकरांच्या नावानं पावती हाय का?”

“सायेब, पडायला आणलीय.”

“ताई, वाळू बांधायला असते. पडायला वाळू, असा रकाना न्हाई माझ्याकडं.”

त्यानं पंचनामा केला. अवैध साठा, साठा करणारी राजेश्री. चतुःसीमा: पूर्वेस झोका, पश्चिमेस संडास, दक्षिणेस घसरगुंडी, उत्तरेस खिचडीचे पातेले. भोवती चुन्याची रेघ मारली आणि रेघेच्या आत कुणी पाय ठेवायचा नाही, असं बजावलं. गावातली सगळ्यात मऊ जागा अशी सरकारजमा झाली आणि सात लेकरं काँक्रीटवर उकिडवी बसून तिच्याकडं बघत राहिली. चौथ्या दिवशी तहसिलीतून ट्रॅक्टर आला आणि वाळू घेऊन गेला. निधी नसतो म्हणतात, त्या ट्रॅक्टरला डिझेल होतं. दिनकरराव पंचनाम्याच्या आधीच पूर्णेला साडूच्या घरी कार्याला गेले होते. ते तिथंच चार दिवस राहिले.

मग गावातल्या आसाराम शेतकऱ्यानं सोयाबीनचं भुसकट आणलं. वीस पोती. ढीग कमरेएवढा झाला, लेकरांनी त्यात उड्या मारल्या आणि दुपारपासून सगळी खाजवायला लागली. पोट, पाठ, माना लालभडक झाल्या. संध्याकाळपर्यंत गावात गोवर आल्याची बातमी झाली आणि सातातली चार कमी झाली. पटावर बावीस, हजर तीन. सकाळी बघतात तर आसारामच्याच दोन म्हशी दावं तोडून आल्या होत्या आणि अर्धं भुसकट खाऊन उरलेल्यावर निवांत बसल्या होत्या.

“बघा,” आसाराम म्हणाला, “जनावराला कळतंय नरम कुठं हाय ते.”

“जनावराला कळतंय,” राजेश्री म्हणाली. “हापिसात न्हाई कळत.”

शेवटी तिनं स्वतःच डोकं चालवलं. काँक्रीट सरकारी, ते फोडता येत नव्हतं. म्हणून तिनं त्याच्यावर विटांची कड लावली आणि काळी माती व कुजलेलं शेणखत निम्मं निम्मं घेऊन दोनदा चाळून आत भरलं. ढोपरभर थर. चार दिवस तिच्या नखांतून माती निघाली नाही. शनिवारी तिनं सगळ्या आयांना बोलावलं.

पंकजा हातात अंडं घेऊन आली. “मी फोटोबिटोवर जाणार न्हाई,” ती म्हणाली. “हे वरून सोडते. फुटलं न्हाई तर लेकरू पाठवते.”

ती घसरगुंडीच्या वरच्या पायरीवर चढली. खाली पंधरा-वीस बाया माना वर करून. अंडं सुटलं, भुसभुशीत मातीत निम्मं रुतलं आणि तसंच उभं राहिलं. पंकजानं उचलून ते उलटसुलट करून पाहिलं, कानाशी धरून हलवलं.

“न्हाई फुटलं.”

“मग?”

“मग काय मग? सोमवारी पाठवतो सगळ्या.”

राजेश्री त्या रात्री किती दिवसांनी पोटभर जेवली.

रविवारी ती सासूला घेऊन परभणीला दवाखान्यात गेली आणि अंगणवाडीची किल्ली छबूबाईकडं राहिली. छबूबाई आठवडाभर लेकीच्या गावाला होती, मातीचं काम तिनं बघितलंच नव्हतं. ती झाडलोट करायला मागच्या अंगणात गेली आणि तिला धक्काच बसला. उद्या साहेब येणार आणि अंगण नांगरल्यासारखं! शेजारच्या नर्मदाबाईला तिनं हाक मारली.

“नर्मदे, बघ की गं. हे असं अंगण सायबाला दाखवायचं?”

“काय मेलं उकरून ठेवलंय! डुकरं शिरली का काय?”

“राजेश्रीला कामाचा लय बोजा झालाय. पोरीची इज्जत जायला नको. चल, आपण हाय की.”

आठ बाया जमल्या. यांनी जन्मभर खळी केलेली. खळ्याच्या जमिनीत जवारीचा एक दाणा रुतला तरी सासू बोलायची, अशा घरांतून तयार झालेले हात. त्यांनी पाणी शिंपडलं, धुमसानं माती ठोकली, पुन्हा शिंपडलं, पुन्हा ठोकली. ढोपरभर थर वीतभर झाला. वरून शेणानं सारवलं, एकदा उभं आणि एकदा आडवं. रांगोळी काढली. संध्याकाळी छबूबाईनं टाच आपटून बघितली. खणखण.

सोमवारी सकाळी राजेश्रीनं ते बघितलं आणि वाकून अंगठा दाबला. नखसुद्धा रुतलं नाही.

“मावशी, काय केलंत हे?”

“खळं केलंय, खळं! बैल फिरवला तरी खूर उमटणार न्हाई.” छबूबाईनं दोन्ही तळवे पुढं केले. दोन्हींवर फोड होते. “बघ तुझ्यापायी.”

राजेश्रीनं ते फोड बघितले. ती कुदळ आणायला पळाली, तेवढ्यात दारात जीप आली.

साहेब आले, म्हणजे तुम्हीच आलात, आणि कारकून आला. फाटकाबाहेर आया उभ्या, लेकरं कडेवर. पंकजा तेवढी आत शिरली, घसरगुंडीवर चढली आणि तिनं अंडं सोडलं. फट्! पिवळा बलक रांगोळीवर पसरला. पंकजा खाली उतरली आणि फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली. एकही लेकरू खाली उतरलं नाही.

“अंड्याची नासाडी,” साहेब कारकुनाला म्हणाले. “नोंद घ्या.”

मग त्यांनी बुटाची टाच आपटली. चेहरा खुलला. “वा! याला म्हणतात टिकाऊ पृष्ठभाग. पारंपरिक आणि शून्य खर्च. सगळ्या अंगणवाड्यांना असंच करायला सांगा. परिपत्रक काढा.”

“सायेब, हे कडक हाय,” राजेश्री म्हणाली. “लेकरं पडतात.”

“पडू नये असं शिकवा की त्यांना. सेविका कशाला आहात तुम्ही?”

“साडेतीन वर्षांच्या लेकराला?”

“वाद नको. हजेरी किती?”

“बाकीची बाहेर उभी हायत.”

“बाहेरची धरत नाहीत. आत किती?”

“तीन.”

“तीन! मग जोडून टाका पलीकडच्या अंगणवाडीला. आणा ते रजिस्टर, इथंच सही करतो.”

छबूबाईनं प्लास्टिकची खुर्ची आणली. साहेब बसायला वाकले तसा जीपचा ड्रायव्हर धावत आला. त्याच्या हातात वीतभर जाडीची, तांबड्या मखमलीची गादी होती. त्यानं ती खुर्चीवर ठेवली आणि वरून दोनदा थोपटली.

“ही कशाला?” राजेश्रीनं विचारलं.

“सायबाला कडक जागी बसणं जमत न्हाई, ताई,” ड्रायव्हर मोठ्या भक्तीनं म्हणाला. “डॉक्टरनं मना केलंय. माकडहाडाला लागतंय.”

फाटकापाशी कुणीतरी खुसकन हसलं. राजेश्री हसली नाही. तिनं साहेबांच्या बुडाखालून, ते टेकायच्या आत, ती गादी ओढून घेतली, घसरगुंडीपाशी नेली आणि जिथं लेकरू येऊन आदळतं नेमकं तिथं टाकली.

“अहो बाई! काय करताय?”

“सायेब, बाहेरची धरत न्हाईत ना? आत बोलावते.” तिनं फाटकाकडं बघितलं. “पंकजा, अजून अंडं हाय का गं?”

होतं. पंकजा आली, चढली, सोडलं. अंडं गादीवर एकदा उसळलं आणि शांत पडून राहिलं. पंकजानं ते उचललं, कानाशी धरलं आणि मागं वळून ओरडली, “जीवन, ये रं!”

जीवन बोळक्या तोंडानं हसत घसरगुंडीवरून आला आणि तांबड्या मखमलीत बसला. त्याच्यामागं फाटकातून सगळीच घुसली. रांग लागली. साहेब पेन हातात धरून उभे. खुर्ची होती, पण तिच्यावर बसायची त्यांची हिंमत होईना. कारकुनानं बोटानं मोजलं, पुन्हा मोजलं.

“साहेब, बावीस भरतायत.”

“मग बावीस लिहा!” साहेब खेकसले. त्यांनी जीपच्या बॉनेटवर रजिस्टर ठेवून उभ्या उभ्या सही केली. “आणि माझी गादी?”

“वापरात हाय, सायेब,” राजेश्री म्हणाली.

जीप गेली. परभणीपर्यंतच्या रस्त्यात खड्डे किती, हे कवडवाडीला चांगलं माहीत आहे. पहिल्या खड्ड्याला बाया अंगणातून कान देऊन उभ्या होत्या.

अंगणवाडी जागेवर राहिली. मंगळवारी, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, खास माणसाच्या हाती पत्र आलं. ‘सदर गादी शासकीय मालमत्ता असून ती तीन दिवसांच्या आत कार्यालयात जमा करावी, अन्यथा आपणावर कारवाई करण्यात येईल. परिपत्रकातील नमुना असल्याने सदर पृष्ठभाग उकरू नये.’

साहेब, गादी मिळेल. गोपीचंद स्वतः ट्रॅक्टरवर घालून आणून देईल. पण तिच्याखाली अजून तेच आहे जे तुम्हाला बसायला सोसलं नाही, आणि घसरगुंडीवर रांग लागलेली आहे. तेव्हा गादी उचलल्यावर पुढच्या मिनिटाला जे लेकरू खाली येईल, त्यानं कशावर पडावं असं तुमचं म्हणणं आहे? लेखी कळवा.