हिसामात्सुंच्या मागची रांग

"आज बाहेर कॅफेतच जेवायचं!" हिसामात्सु तेत्सुरोंनी सकाळीच जाहीर केलं.

नाकामेगुरोच्या वस्तीत त्यांचा जन्म गेला होता. कालव्याकाठी देखणी दुकानं उभी राहिली, लांबलांबचे लोक नटूनथटून खायला-प्यायला येऊ लागले. हे नवरा-बायको मात्र पिशवीत कांद्याची पात घेऊन मान खाली घालून तिथून निघून जायचे. "तुम्हाला तिथे बसायची भीतीच वाटते," असं लेक फोनवर म्हणाली आणि तेत्सुरो इरेला पेटले.

"मी औषधं घेऊन येते. तुम्ही वळणावर थांबा," त्यांची बायको यासुए म्हणाली.

"तू येईपर्यंत तिथून हलणार नाही!"

वळणावरच्या एका बंद शटरसमोर ते ताठ उभे राहिले. जरा वेळाने एक मुलगी त्यांच्या मागे येऊन थांबली. तिच्यामागे एक जोडपं.

"काका, इथे काय मिळतं?" मुलीने विचारलं.

"मला काही कल्पना नाही."

तिचे डोळे चमकले. "म्हणजे दुकानवाले देतील ते खायचं!" ती जोडप्याकडे वळून म्हणाली.

"अहो, तसं नव्हे. मी आपला बायकोची वाट बघतोय."

"बघा, बायकोलाही बोलावलंय. नेहमीचे दिसतात."

रांग कालव्याच्या पुलापर्यंत गेली. शेजारच्या कॅफेतला वेटर "आमचं दार मोकळं ठेवा" म्हणून सांगायला आला, दोघाचौघांशी बोलला, आणि एप्रन काढून स्वतःच मागे जाऊन उभा राहिला.

तेत्सुरोंना घाम फुटला. हलावं तर शब्द मोडतो, न हलावं तर एवढ्या लोकांची फसगत. यासुए फोन उचलेना.

तेवढ्यात शटर करकरत वर गेलं. आत ऐंशीच्या घरातल्या मोगीबाई, हातात कचऱ्याची पिशवी. एके काळी त्या इथे भाताचे मुटके विकायच्या. गिऱ्हाईक फिरकेना म्हणून दुकान बंद केलेलं.

"अगंबाई! कोण गेलं?" रांग बघून त्यांनी विचारलं.

तेत्सुरोंनी कमरेत वाकून सगळा घोळ सांगितला. मोगीबाईंनी एकदा रांगेकडे पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली.

"माझ्या दारातून उपाशी कोणी जायचं नाही. भात नुकताच उतरवलाय, आणखी टाकते. हिसामात्सु-सान, हात धुवा!"

"मी? मला तर अंडंसुद्धा उकडता..."

"हात धुवा म्हटलं ना!"

तेत्सुरोंनी एप्रन बांधला. पहिला मुटका पायावर पडला, दुसरा हातातच फुटला. पण माघार घ्यायची नाही हे ठरलेलं. हळूहळू हात बसला. मोगीबाई आत उमेचं आंबट, खारवलेलं फळ भरत होत्या, तेत्सुरो वरून नोरीचा, म्हणजे समुद्री शेवाळाचा, पापुद्रा गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवत होते. खाणारे डोळे मिटून मान डोलवत होते. दोनदा चढवलेली पातेली रिकामी झाली.

"क्षमा करा, भात संपला," पुढच्या गिऱ्हाइकाला त्यांनी लवून सांगितलं आणि मान वर केली.

समोर यासुए होती.

"अगं! तू कधी आलीस?"

"केव्हाची रांगेत आहे! तुम्ही दिसत होतात पुढे."

"मग हाक नाही मारायची?"

"एवढ्या लोकांना ओलांडून? कसं दिसलं असतं ते!"

मोगीबाईंनी हसत पातेल्याच्या बुडाची खमंग खरवड काढली, तिच्यावर सोया सॉस शिंपडला आणि दोघांना आत बसवलं. यासुएने पहिला घास घेतला. "कॅफेत असलं काही मिळालं नसतं हो," ती म्हणाली.

दाराशी घुटमळणाऱ्या मुलीने आत डोकावून पाहिलं. "ए, आतल्यांना काहीतरी वेगळंच देतायत!" ती ओरडली. पुलावरून पावलं परतू लागली.

तेत्सुरो ताटावरून उठले आणि त्यांनी दोन्ही हातांनी शटर खाली ओढलं.