मेणबत्तीतली अठरा पाती

"अवो, डाळ शिजली, पण तुमचं लोखंड काय शिजंना," असं म्हणत बकुळाने पळीतून एक बारीक पातं काढलं आणि भिवाच्या ताटात ठेवलं.

भिवाने ते धोतराला पुसलं आणि उजेडात धरलं. "सापडलं का! हे तीन नंबरचं. मंगळवारपासून शोधतोय."

भिवा गिरणीत फिटर होता, पण त्याचा जीव परळच्या खोलीतल्या खिडकीखाली ठोकलेल्या फळीवर होता. घड्याळं, शिवणयंत्रं, चष्मे, काय वाटेल ते तिथे दुरुस्त होई. त्यासाठी त्याच्याकडे एकाच लाकडी मुठीत बसणारी, स्क्रू फिरवायची अठरा पाती होती, सगळ्यात बारीक तर तांदळाच्या कणीएवढं. वस्तू हातातून खाली ठेवायची म्हणजे जिथे हात जाईल तिथे, हा त्याचा एकमेव नियम. त्यामुळे पाती तांदळात सापडत, उशीत सापडत. एकदा तर एक बकुळाच्या अंबाड्यात सापडलं होतं आणि ती ते घेऊन बाजार करून आली होती.

"आता माझं ऐका," बकुळा म्हणाली. "रविवारच्या सभेत तुमचा तो कर्णा बोलला तर फळी राहील. न्हाय बोलला, तर सोमवारी फळीचं जळण. मला तिथं मांडणी लावायचीय."

कर्णा भिवाचा नव्हता, संयुक्त महाराष्ट्र समितीचा होता. समितीचे कार्यकर्ते बाबुराव तो मशीनसकट भिवाच्या फळीवर टाकून गेले होते. कर्णा चांगला घमेल्याएवढा, पण ब्र काढत नव्हता. चाळीपुढच्या पटांगणात रविवारी सहाला सभा होती. दोष मशीनच्या पोटातल्या एका बारीक स्क्रूपाशी आहे, हे भिवाने ओळखलं होतं. तो फक्त कणीएवढ्या पात्यानेच फिरणार होता.

पाती एके जागी कशी ठेवावीत, हा सल्ला त्याला गिरणीतल्या पास्कलने दिला. "मेणात खुपस रे. गंज पण नाय, हरवायला पण नाय." आणि चर्चमधली उरलेली, मनगटाएवढी जाड मेणबत्तीही त्यानेच आणून दिली. भिवाने मेणबत्ती उलटी केली आणि तळात अठरा भोकं पाडली. बारीक पाती मध्ये, जाड कडेला, अशी सगळी आत दाबून बसवली. सरळ उभी केली की मेणबत्ती, उलटी केली की हत्यारांची पेटी! बकुळाला मात्र तो काही बोलला नाही. सभा पार पडल्यावर ऐटीत दाखवायची, असा त्याचा बेत होता. शहाण्या माणसाने बायकोपासून काही लपवू नये, पण फिटरला एवढं सुचलं की शहाणपण सुचत नाही.

रविवारी दुपारी भिवा मशीनला कमी पडलेली वायर आणायला शिवडीला गेला; ती आली की स्क्रू बसवायचा, एवढंच उरलं होतं. चार वाजता घामाघूम होऊन परतला, तर फळीवर मशीन होतं, मूठ होती, मेणबत्ती नव्हती. बकुळाही नव्हती.

"वहिनी वंदनेला गेल्या," शेजारची शेवंती म्हणाली. "काय ती मेणबत्ती! सगळ्या जिन्याला दाखवत गेल्या."

धम्म घेऊन अजून वर्षही झालं नव्हतं. सामुदायिक वंदनेला प्रत्येक घरातून मेणबत्ती जायची, आणि घरात मेणबत्ती दिसली की ती वंदनेचीच, हे आता बायांच्या अंगवळणी पडलं होतं.

भिवा धावत वंदनेच्या पत्र्याच्या मंडपात शिरला. बुद्धाच्या तसबिरीपुढे वीसेक मेणबत्त्या जळत होत्या. मधोमध, सगळ्यांत उंच, त्याची! पुढे होऊन ती विझवायची कशी? चाळीने त्याला उभा चिरला असता. तो मुकाट्याने पहिल्या रांगेत बसला आणि मेणबत्तीवर डोळे लावून राहिला.

"बघा, बघा," म्हातारे गुणाजीबाबा हळूच म्हणाले. "असं चित्त लागायला पायजे."

शेवटी वर तापलेला पत्रा आणि तळात अठरा भोकं, यापुढे मेणाने हात टेकले. मेणबत्ती आधी वाकली, मग बसली, आणि पंचशील संपता संपता आडवी झाली. ज्योत विझली आणि पाती छनछन करत फरशीवर सांडली.

"चमत्कार!" मागून कोणीतरी ओरडलं.

"चमत्कार सोडून आलोय आपण!" गुणाजीबाबा कडाडले. "कुणाचं हाय हे लोखंड?"

"माझं," भिवा रांगतच पुढे झाला. मग सगळा मंडपच रांगू लागला. सतरा पाती मिळाली. अठरावं, कणीएवढं, गुणाजीबाबांनीच आपल्या सतरंजीच्या सुरकुतीतून उचललं.

साडेपाचला पटांगण भरत आलं होतं. भिवा मशीनच्या मागे उताणा पडला होता आणि पुढे बकुळा माईक धरून उभी होती, कारण दुसरं कोणी मोकळं नव्हतं. ती खालच्या मानेने पुटपुटत होती.

"मला काय ठावं, तुमी त्यात हत्यारं घातलीत. मला वाटलं, तुमी पहिल्यांदाच घरासाठी आपणहून काय आणलंत. म्हणून मिरवत नेली."

शेवटचे शब्द साऱ्या पटांगणावर घुमले. स्क्रू बसला होता.

पाचशे माणसं वळून बकुळाकडे बघू लागली. एवढ्या वर्षांत आपण घरी पाती सोडून काहीच आणलं नाही, हे मशीनमागे पडलेल्या भिवाला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

बकुळा दचकली, पण मागे सरली नाही. तिने माईक तोंडाजवळ घेतला.

"ऐकलंत न्हवं सगळ्यांनी? मग साक्षीला ऱ्हावा. फळी ऱ्हाईल. पण उद्यापासून त्या फळीवरचं एकूण एक पातं मी लावणार, माझ्या हातानं. ह्यांनी मागायचं, मी द्यायचं!"

"मान्य!" मशीनमागून भिवा ओरडला, आणि तेही कर्ण्यातून गेलं.

सभेची सुरुवात बाबुराव करणार होते. चार पानांचं भाषण खिशात घेऊन ते व्यासपीठावर चढले, पण टाळ्या अगोदरच वाजून गेल्या होत्या.