सुभद्रेच्या मागे लागलेल्या मुंग्या

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे अंबाडीची भाजी निवडणं. जुडी एकच होती, पण ती निवडेपर्यंत सुभद्रा पाच वेळा उठली. तीनदा पाण्याला, दोनदा न्हाणीत. दर वेळी म्हणे, "आलोच बरं." मी म्हणालो, "जाय तू, भाजी काय पळून जाऊन राह्यली?" आणि आपल्याच बोलण्यावर हसलो.

सुभद्रा म्हणजे माझी बायको. पाण्याचा तांब्या काखेत धरून फिरणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. ही लग्नालाही तांब्या घेऊन जायची. मांडवात शिरली की नवरी कुठं हे नाही विचारायची. नळ कुठं अन् आडोसा कुठं, हे विचारायची. कोणी हटकलं तर म्हणे, "पानी काय तुह्या बापाचं हाय?" एकदा बुलढाण्याहून मोताळ्याला येताना तिनं घाटात एसटी थांबवली. कंडक्टर म्हणाला, "आजी, इथं स्टॉप नाही." ही म्हणाली, "मंग डब्बा असंन तं दे." सगळी गाडी हसली. मी खिडकीबाहेर पाहत बसलो, जशी काही ही बाई माझी कोणीच नव्हती.

दर शनिवारी ती वारुळावर साखर-पीठ टाकायची. पुढं पुढं न्हाणीच्या कोपऱ्यात, ती लघवीला बसे तिथं, मुंग्यांची रांग लागायला लागली. तिला कोण आनंद! "पाहा, मी साखर टाकतो म्हनून घरी भेटाले आल्या." मलाही ते खरंच वाटलं. पारावर जाऊन मी सांगितलं, "आमच्या म्हातारीच्या मांगं आता मुंग्या लागतेत. दुसरं कोन लागते?" पार हसला. दुसऱ्या दिवशी लोक म्हणाले, "बुवा, आजचं सांगा." मग मी रोज सांगू लागलो. सुईत दोरा ओवायला तिला शेजारीण लागते, ते सांगितलं. पोलकं इतकं ढिलं झालं की आत अजून एक सुभद्रा मावेल, तेही सांगितलं.

एक गोष्ट मात्र पारावर सांगितली नाही. एक दिवस ती खाली मान घालून म्हणाली, "मले खाली लय खाज येऊन राह्यली. आग होते." साऱ्या संसारात तिनं अंगाचं असं दुखणं कधी बोलून दाखवलं नव्हतं. अन् मी काय म्हणालो? "आंघोळ नीट करत जाय. आन् तुही गोधडी तिकडं टाक." तिनं गोधडी उचलली आणि ओसरीत नेली. परत तो विषय नाही.

सरकारी दवाखान्याकडून घरोघर तब्येत विचारत फिरणाऱ्या आशाताई दारात येऊन म्हणाल्या, "काका, काकूची शुगर तपासून घ्या." मी म्हणालो, "शुगर बसून खानाऱ्यायले होते. हे तं दिवसभर वावरात निंदते. आन् हिच्यात गोड हाय तरी काय?" सुभद्राच आधी हसली.

भाजी निवडली त्याच संध्याकाळी तिला ताप चढला. महिनाभरापूर्वी चप्पल चावली होती, ती जखम भरलीच नव्हती. पाहतो तर अंगठा काळा. बुलढाण्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजोबा, आधी काही लक्षणं दिसली होती का?"

मी सांगायला लागलो. तांब्या, एसटी, मुंग्या, सुई, पोलकं. या वेळी खाजही सांगितली. पारावर सांगायचो तसंच सांगितलं, मला दुसऱ्या तऱ्हेनं सांगता येत नाही. कोणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, "ही सगळी शुगरचीच लक्षणं. म्हणजे तुम्हाला सगळंच दिसत होतं."



तिसऱ्या दिवशी मी खाटेजवळ बसून म्हणालो, "म्या तुले लोकायच्या तोंडी देल्लं वं." ती म्हणाली, "देऊ द्या. घरात तुम्ही बोलतच नव्हते. पारावरचं कानावर आलं का वाटे, चला, माह्या नावानं ह्यायचं तोंड तं उघडते." मग जराशानं म्हणाली, "आता कोनाचं सांगसान?"

चौथ्या दिवशी ती गेली.

मयतीला आलेल्या बायांना शेजारच्या लीलाबाईची सून वंदना पाणी देत होती. दर दोन बायांमागे एक पेला स्वतः पीत होती. मी कोपऱ्यातून मोजत होतो.

सुतकातला माणूस कोणाच्या दारात जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लीलाबाईच्या दारात गेलो. वंदना अंगण झाडत होती. मी घरच्या सगळ्यांसमोर विचारलं, "पोरी, तुले लय तहान लागते. खाली खाजही येते का?"

तिनं झाडू टाकला, पदर तोंडावर घेतला अन् आत पळाली. लीलाबाई कडाडली, "भाऊजी, जराशी तं लाज धरा! दुःखानं डोकं फिरलं का तुमचं?"

"फिरलं असंन. पन ती नाही म्हनली का?"

लीलाबाईनं आत पाहिलं.

"तिले दवाखान्यात घेऊन चाल," मी म्हणालो आणि तिथंच पायरीवर बसलो. वंदना चप्पल घालून बाहेर येईपर्यंत उठलो नाही.