तांदळात पुरलेली लेन्स

जुन्या लेन्सवरचं कोटिंग काय चीज असते, ते अख्ख्या मोहाडी तालुक्यात एकट्या हेमराजलाच कळतं! निदान हेमराजचं तरी तसंच म्हणणं होतं. तहसीलीसमोर त्याचं फोटोचं दुकान.

कारध्याला त्याचे सासरे, गोमाजी. एका साहेबानं बदलीच्या वेळी दिलेली जुन्या लेन्सची पेटी त्यांच्याकडे पडून होती. त्यातली एक त्यांनी जावयाकडे धाडली. "साफ करून दाखवा, रविवारी येतो. जमलं तर अख्खी पेटी तुमची!"

हेमराजचा आनंद गगनात मावेना. पासपोर्ट फोटोला येणाऱ्या प्रत्येकाला तो लेन्स दाखवी. "हा निळा-जांभळा रंग दिसते ना? हे कोटिंग! हाच हिचा जीव! याले धक्का लागला तं नावाचा हेमराज नाही!" गावभर सांगून झालं. घरात सांगायचं तेवढं राहिलं.

कडेची बुरशी त्यानं श्वास रोखून, मऊ ब्रशनं काढली. मग ओल लागू नये म्हणून लेन्स फडक्यात बांधून तांदळाच्या डब्यात पुरली. तांदूळ ओल ओढून घेतात, असं त्यानं मोबाइलवर पाहिलं होतं.

रविवारी सकाळी त्यानं गाठोडी सोडली. लेन्सवर निळं नाही, जांभळं नाही. नुसती काच!

तांदळानं ओलीबरोबर रंगही ओढला की काय? त्यानं डबा परातीत उपडा केला आणि मूठमूठ तांदूळ उजेडात धरून पाहू लागला.

"अवो, तांदूळ काहून निवडून राहिले? मी कालच निवडले!" त्याची बायको कौशल्या म्हणाली.

"त्यात निळा दाणा दिसला काय तुले?"

कौशल्यानं आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तं नाही."

"अवं, लेन्सचा निळा रंग कुठं गेला?"

"तो डाग? मी काढला ना! निवडताना गाठोडी सापडली. म्हटलं, बाबा येऊन राहिले अन् तुमच्यानं डाग निघाला नाही, म्हणून लपवली असन. चिंच अन् राख लावून तासभर घासली. हात भरून आले, पण सोडली नाही!"

हेमराजला रडूच कोसळायचं बाकी होतं. ओरडावं कुणावर? बिचारी त्याचीच अब्रू राखायला घासत बसली होती! तेवढ्यात गोमाजी पेटी घेऊन दारात हजर.

त्यांनी लेन्स उजेडात धरली. हेमराजनं डोळे गच्च मिटले.

"वा जवाईबापू! तीस वर्षं धोतरानं पुसून राहिलो, हा निळा डाग काही माह्यानं निघाला नाही!" त्यांनी पेटी पुढे सरकवली. "घ्या, तुमची झाली. आठ हायत. आठच्या आठांवर तोच डाग!"

"आणा इकडं," कौशल्यानं पदर खोचला. "राख भरपूर हाय."

खरं सांगावं तर पेटी जाते, न सांगावं तर कोटिंग जातं! हेमराज झटकन पेटीवर बसला, आणि जेवणसुद्धा त्यानं तिथंच मागवलं.

ताटातला भात पांढराशुभ्र होता. तरी त्यानं एकदा नीट पाहून घेतला.